मांदियाळी आणि भाऊगर्दी

एका साहित्य संमेलनाच्या व्यासपीठावर चाळीस माणसे बसली आहेत असे समजा. एक वार्ताहर लिहितो, ‘व्यासपीठावर साहित्यिकांची मांदियाळी जमली होती.’ दुसरा लिहितो, ‘व्यासपीठावर साहित्यिकांची भाऊगर्दी झाली होती.’ माणसे तीच, खुर्च्या त्याच, हारतुरेही तेच. तरी पहिली बातमी वाचणाऱ्याला आपण हजर नव्हतो याची चुटपुट लागते आणि दुसरी वाचणाऱ्याला आपण सुटलो असे वाटते. किती माणसे होती हे दोन्ही शब्द सांगत नाहीत. त्या माणसांकडे कसे पाहायचे, एवढेच सांगतात. मराठीत माणसांच्या जमण्याला नावांचा तोटा नाही: गर्दी, जमाव, घोळका, झुंड, मेळा, दिंडी, मोर्चा, मंडळी, समुदाय, दाटी, रीघ, लोंढा. यांतले जवळजवळ प्रत्येक नाव आकड्याच्या आधी निवाडा देते, असे मला दाखवायचे आहे. सगळ्यांत साधा, रोजचा आणि निरुपद्रवी वाटणारा जो ‘गर्दी’ हा शब्द, तो तर या निवाड्यांत बराच जुना आणि कठोर आहे.

आधी भाऊगर्दीकडे पाहू, कारण तिची जन्मतारीख ठाऊक आहे. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊंच्या सैन्याची अहमदशहा अब्दालीच्या फौजेपुढे वाताहत झाली. विश्वासराव पडल्यावर आणि भाऊसाहेब दिसेनासे झाल्यावर जो एकच कल्लोळ उडाला, ज्यात लढवय्ये, बुणगे, यात्रेकरू, बायकामुले यांच्यात काही फरक उरला नाही, ती भाऊगर्दी. म्हणजे भाऊसाहेबांच्या वेळची दाणादाण. ‘भाऊ’ हा इथे नात्याचा भाऊ नाही, आणि गल्लोगल्ली फलकांवर हात जोडून उभा असणारा भाऊ तर मुळीच नाही. त्या काळात उत्तरेत अशी नावे पडतच होती. 1753 मध्ये सूरजमल जाटाच्या सैन्याने जुनी दिल्ली लुटली, ती दिल्लीकरांच्या तोंडी जाटगर्दी झाली. अब्दालीच्या स्वाऱ्यांना शाहगर्दी हे नाव पडले. ज्याने उच्छाद मांडला किंवा ज्याच्या पायी उच्छाद झाला त्याचे नाव पुढे आणि ‘गर्दी’ मागे, असा हा साचा होता. गुंडागर्दी, दहशतगर्दी हे हिंदी-उर्दूतले शब्द त्याच साच्यातले आहेत. हिंदीभाषक मात्र माणसांच्या दाटीला गर्दी म्हणत नाही, भीड म्हणतो. आपल्याकडे उच्छादाचे नाव दाटीला चिकटले आणि दाटीचेच होऊन बसले.

फारसीत ‘गर्द’ म्हणजे धूळ. बखरींमध्ये शत्रूची फौज ‘गर्दीस मेळविली’ असे येते तेव्हा अर्थ असतो धुळीस मिळवली. तिथे गर्दीचा आणि माणसे जमण्याचा संबंध नाही. माणसे नाहीशी होण्याचा आहे. घोड्यांच्या टापांनी उडालेल्या धुरळ्यात आपला कोण आणि परका कोण हे कळेनासे होते, तशी अवस्था म्हणजे गर्दी. हा धुळीचा अर्थ आजही पुरता मेलेला नाही. मुंबईत हेरॉइनच्या भुकटीला ‘गर्द’ म्हणतात आणि ती ओढणाऱ्याला गर्दुल्ला, तो याच कुळातला. पेशवाईतल्या ‘गारदी’चा मात्र या कुळाशी संबंध नाही, जरी नारायणरावांचा 1773 मध्ये खून करणारे गारदी आणि पानिपतावर तोफखाना लढवणारा इब्राहिमखान गारदी यांच्यामुळे ‘गारदी म्हणजे गर्दी करणारे’ अशी समजूत होणे सोपे आहे. तो शब्द युरोपीय भाषांतल्या पहाऱ्याच्या शब्दावरून आला; आपली ‘गारद’ तीच. उच्चार जवळचा असला तरी गर्दीत शिस्त संपलेली असते आणि गारदी हा कवायती शिस्तीचा शिपाई, एवढा दोघांत फरक.

रणांगणाने मराठीला समूहासाठी आणखी एक शब्द दिला, तो मोर्चा. किल्ल्याला वेढा घालताना तोफा डागण्यासाठी आणि शिपायांच्या आडोशासाठी केलेली बांधबंदिस्ती म्हणजे मोर्चा. ‘मोर्चेबांधणी’त तो अर्थ अजून उभा आहे. विसाव्या शतकात मागणी घेऊन निघालेल्या माणसांनी हा शब्द उचलला. एकाच लढाईची ही दोन अंगे. जिथे आखणी आहे, तोंड कोणत्या दिशेला हे ठरले आहे, तिथे मोर्चा. जिथे आखणी मोडली तिथे गर्दी. म्हणून रस्त्यावरच्या हजार माणसांना मोर्चा म्हणावे की गर्दी, हा केवळ शैलीचा प्रश्न राहत नाही. मोर्चा म्हटले की वाचक पुढे विचारतो, ‘कशासाठी?’ गर्दी म्हटले की विचारतो, ‘रस्ता कधी मोकळा होणार?’

मांदियाळीचा वंश अगदी वेगळा. शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये, ज्ञानेश्वरी पुरी झाली आणि तिच्या शेवटी पसायदान आले. त्यात ज्ञानदेव विश्वात्मक देवाकडे ज्या गोष्टी मागतात त्यांत ईश्वरनिष्ठांची मांदियाळी आहे. जुन्या मराठीत मांदी म्हणजे समुदाय. पण हा समुदाय कोणावर चालून जात नाही, कोणाला रेटत नाही; तो भूतमात्रांना भेटत राहावा अशी मागणी आहे. शब्द सातशे वर्षे टिकला तो प्रार्थनेच्या आधाराने. आज ताऱ्यातारकांची, गायकांची, पुस्तकांची अशी वाटेल त्याची मांदियाळी जमते आणि पुरवणीतल्या मथळ्यांनी तो शब्द बराच झिजवला आहे. तरी ‘खिसेकापूंची मांदियाळी’ असे कोणी लिहिले तर आपण हसतो, आणि ‘खिसेकापूंची भाऊगर्दी’ असे लिहिले तर हसत नाही. हसू येते याचाच अर्थ शब्दाला आपले कुळ आठवते.

वारकरी परंपरेने हे काम आणखी पुढे नेले. आषाढीला पंढरपुरात जमणारी माणसे मोजायला गेले तर लाखांत जातात. कोणत्याही नगरनियोजकाच्या लेखी ती महाभयंकर गर्दी आहे. पण त्या परंपरेच्या स्वतःच्या बोलीत तिला दिंडी, फड, मेळा, संतांची दाटी अशी नावे आहेत आणि त्यांतली काही नावे म्हणजे चक्क व्यवस्था आहेत. दिंडीला विणेकरी असतो, टाळकरी असतात, पखवाजी असतो, तुळस डोक्यावर घेतलेल्या बाया असतात. हैबतबाबांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आळंदीच्या पालखी सोहळ्याला जी घडी घालून दिली, तीत कोणती दिंडी रथापुढे आणि कोणती रथामागे, तिचा क्रमांक कितवा, हे ठरलेले आहे. चोपदाराने चोप उंचावला की हजारो माणसे गप्प होतात. कितीही माणसे आली तरी त्यांची गर्दी होऊ द्यायची नाही, यासाठी केलेली ही रचना आहे. ‘मेळा’ हा शब्दही तसाच कामाला लागला. 1890 च्या दशकात सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाल्यावर गाणी म्हणणाऱ्या पथकांना मेळे हेच नाव मिळाले आणि पुढे कित्येक दशके गावोगावचे मेळे आपापली पदे, आपापला पोशाख घेऊन उभे राहिले.

इथे कोणी म्हणेल, आणि ते म्हणणे रास्त आहे, की ही सगळी कोशकारांची करमणूक झाली. दादरच्या फलाटावर ‘किती गर्दी आहे हो’ म्हणणाऱ्या बाईच्या मनात पानिपत नसते, धूळ नसते, फारसी तर नसतेच. शब्द कुठून आला यावरून तो आज काय सांगतो हे ठरत नाही. अगदी खरे. केवळ व्युत्पत्तीच्या बळावर शब्दाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे. म्हणून व्युत्पत्ती बाजूला ठेवू आणि वाक्यात हा शब्द कसा वागतो तेवढेच पाहू. गर्दी होते, असते, जमते, वाढते, उसळते, लोटते, ओसरते, पांगते. या क्रियापदांतली निम्मी पाण्याची आहेत. पाऊस होतो तशी गर्दी होते. तिला इच्छा नाही, हेतू नाही. आता ‘गर्दीने निवेदन दिले’ असे म्हणून पाहा. कानाला लगेच खटकते. ‘गर्दीने ठराव मंजूर केला’, ‘गर्दीने वर्गणी काढली’, यांतले एकही वाक्य मराठी माणूस सहजासहजी बोलणार नाही. निवेदन शिष्टमंडळ देते, ठराव सभा करते, वर्गणी मंडळ काढते. ‘गर्दीने दगडफेक केली’ हेही जरा अडखळतेच. दगड मारायला वाक्यात ‘जमाव’ आणावा लागतो. गर्दीला करता येते ते एकच, ‘गर्दी’. ‘इथे गर्दी करू नये’ ही पाटी पाहा. माणसे करतात ती गर्दी, आणि ती करू नये अशीच करतात.

दुसरी गोष्ट बोलणाऱ्याच्या जागेची. ‘आम्ही मोर्चा काढला’, ‘आमची दिंडी’, ‘आम्ही मंडळी’ हे सहज होते. ‘आम्ही गर्दी आहोत’ असे मात्र कोणी म्हणत नाही. ‘आमची गर्दी’ म्हणणारा सापडलाच तर तो सभेचा आयोजक असतो आणि त्याने ती आणलेली असते. लोकलच्या दारात लोंबकळणारा माणूसही घरी येऊन ‘आज फार गर्दी होती’ असे सांगतो, जणू तो सोडून बाकीचे सगळे गर्दी होते. मुंबईच्या उपनगरी गाड्यांसाठी रेल्वेकडे ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असा एक शब्दप्रयोग आहे. एका चौरस मीटरमध्ये 14 ते 16 उभे प्रवासी हा त्याचा हिशेब. निर्जीव शब्द आहे, मान्य. पण त्या आकड्यात बोलणाराही मोजलेला असतो. ‘गर्दी’त तो कधीच मोजला जात नाही. फलाटावरच्या त्या बाईच्या मनात पानिपत नसले तरी धुरळ्याबाहेर उभे राहून धुरळ्याकडे बोट दाखवण्याची ती जागा तिला भाषेने आयती दिलेली आहे.

मग गर्दीचे कौतुक होते त्याचे काय? ‘गर्दी खेचणारा नट’, ‘गर्दीचा उच्चांक’, ‘सभेला तुडुंब गर्दी’ ही निंदा नव्हे. होय, पण कौतुक कोणाचे होते? नटाचे, नेत्याचे, सभेचे. गर्दी हे त्यांच्या यशाचे माप. ती खेचली जाते, जमवली जाते, दाखवली जाते, विमानातून टिपली जाते. ज्यांनी पदरच्या पैशाने तिकीट काढले त्यांच्या पसंतीला वाक्यात जागा नाही. संगीताच्या बैठकीत ‘दर्दी आणि गर्दी’ हे यमक आपण वर्षानुवर्षे वापरतो आहोत. ज्याला कळते तो दर्दी, एकटा आणि नाव असलेला. उरलेले सगळे गर्दी. या जोडीतला माज इतका गोड लागतो की तो माज आहे हे लक्षातच येत नाही. आणि त्यात एक गंमत आहे: दर्दी लोकांनी सभागृह भरले तर त्याला काय म्हणायचे? तेव्हा आपण चटकन शब्द बदलतो आणि ‘जाणकार रसिकांची उपस्थिती’ म्हणतो.

जमावाकडे वळले की सूर बदलतो, कारण जमावाला हातपाय आहेत. तो दगड मारतो, घोषणा देतो, बिथरतो. ‘संतप्त’ हे विशेषण त्याच्या नावाला कायमचे शिवून टाकलेले आहे. सरकारलाही गर्दीचे काही करता येत नाही. करता येते ती जमावबंदी. पूर्वीचे कलम 144 आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 163 हे त्या हुकुमाचे घर. कायदा जमावाकडे पाहतो तो मात्र बोट घालून मोजत. 1860 च्या दंड संहितेच्या कलम 141 ने पाच किंवा अधिक माणसे आणि त्यांचा कायद्याविरुद्धचा समान उद्देश अशी अट घातली होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तीच अट कलम 189 मध्ये आहे. मराठी पोलीस फिर्यादींत या प्रकाराला जे नाव आहे ते मला अतिशय आवडते: गैरकायद्याची मंडळी. ‘आरोपींनी गैरकायद्याची मंडळी जमवून’ अशी सुरुवात झाली की पुढे काठ्या-कुऱ्हाडी येणार हे वाचणाऱ्याला कळते. मंडळी हा एरवी किती घरगुती शब्द! ‘बसा मंडळी’, भजनी मंडळी, 1880 मध्ये उभी राहिलेली किर्लोस्कर नाटक मंडळी. जुन्या पिढीतला माणूस बायकोचे नाव घ्यायचे टाळून ‘आमची मंडळी’ म्हणायचा. त्याच शब्दापुढे ‘गैरकायद्याची’ लावून कारकुनाने नकळत एक मोठे सत्य लिहून ठेवले. ओळखीपाळखीची, एका चहाच्या टपरीवर बसणारी माणसेच हे करतात. शिवाय गैरकायद्याच्या मंडळीत प्रत्येकाला अनुक्रमांक, वय, धंदा आणि राहण्याचा पत्ता असतो. समान उद्देशाने झालेल्या गुन्ह्याला मंडळीतला प्रत्येक जण जबाबदार धरता येतो.

वृत्तपत्रांच्या वाक्यात हे राहत नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याच्या आठवडी बाजारात मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारण्यात आले. त्या काळात मराठी वृत्तपत्रांत ‘झुंडबळी’ हा शब्द रुळला. झुंड मुळात जनावरांची. शब्द संतापातून आला आणि संताप योग्यच होता. पण माणसांना झुंड म्हटले की त्यांना जनावराची सूटही मिळते. लांडग्यांच्या झुंडीवर खटला चालत नाही. नागराज मंजुळे यांनी 2022 च्या आपल्या हिंदी चित्रपटाला ‘झुंड’ हेच नाव दिले ते नेमक्या उलट बाजूने. नागपूरच्या झोपडपट्टीतल्या ज्या मुलांना सभ्य वस्ती झुंड म्हणून मोकळी होते त्यांचा फुटबॉलचा संघ होतो, ही त्याची गोष्ट. एकाच शब्दाने एकीकडे गुन्हेगारांचा गुन्हा धूसर होतो आणि दुसरीकडे गुन्हा न केलेली मुले गुन्हेगार ठरतात. बदलते ती फक्त उच्चारणाऱ्याची जागा.

या सगळ्यात महाग पडणारा शब्द वेगळाच आहे: चेंगराचेंगरी. मारामारी, ढकलाढकली, रेटारेटी या घडणीचा हा शब्द. अशा जोडशब्दांत क्रिया परस्परांची असते. मारामारीत दोन्हीकडून हात चालतात. चेंगराचेंगरीत म्हणजे माणसांनीच माणसांना चेंगरले. 25 जानेवारी 2005 रोजी वाईजवळच्या मांढरदेवीला काळूबाईच्या यात्रेत सुमारे 300 माणसे गेली. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, चिंचोळी वाट, दोन्ही बाजूंची दुकाने आणि तिथे लागलेली आग, यांतले काहीही त्या शब्दात मावत नाही. 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोड आणि परळ या स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर 23 माणसे गेली. पाऊस होता, माणसे जिन्यावर थांबून राहिली, मागून गाड्या येतच राहिल्या. तेव्हा एक कहाणी वृत्तपत्रांतून फिरली: फूलवालीचे ‘फूल पडले’ हे ‘पूल पडला’ असे ऐकू आले आणि लोक धावले. कहाणी खरी असो वा नसो, ती पसरली याचे कारण तिच्यात गर्दीच्या कानांवर ठपका होता आणि पुलाच्या रुंदीवर नव्हता. काही महिन्यांत लष्कराने तिथे नवा पूल उभा केला, म्हणजे गर्दी तेवढीच राहूनही बदलता येण्यासारखे काहीतरी होते.

नागपूरची घटना याहून बोलकी. 23 नोव्हेंबर 1994 रोजी विधिमंडळाच्या अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात 114 माणसे मेली. त्यांत बायका आणि मुले फार होती. अनुसूचित जमातीत समावेश करावा ही त्यांची मागणी होती. पोलिसांनी लाठ्या उगारल्या, माणसे अडथळ्यांच्या आत कोंडली गेली. शासकीय बोलीत ही चेंगराचेंगरी झाली. गोवारी समाजाने ते नाव पत्करले नाही. ते म्हणतात गोवारी हत्याकांड, आणि मेलेल्यांना म्हणतात शहीद. पुढे नागपुरातल्या उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचे नाव मिळाले, म्हणजे निदान पुलावर तरी शासनाने त्यांचा शब्द मान्य केला. सकाळी मोर्चा होता, संध्याकाळी तो चेंगराचेंगरी झाला, आणि मधल्या वेळात मागणी गळून पडली. हे काम कोणा एका अधिकाऱ्याने केले असे म्हणता येत नाही. बरेचसे शब्दानेच केले.

यावर आणखी एक आक्षेप येतो आणि तो सगळ्यांत वजनदार आहे. काही वेळा गर्दी खरोखरच गर्दी असते. माणसे एकत्र आली की बेभान होतात, एकट्याने जे कधी केले नसते ते करतात. मग तिला गोड नाव देणे ही फसवणूक नव्हे का? नक्कीच आहे. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्यांना ‘भीमसागर’ म्हणणे आणि त्याच दिवशी दादरच्या रहिवाशाने कपाळाला आठी घालून ‘गर्दी’ म्हणणे, यांत पहिले अधिक उदार आहे. पण सागरातही थेंब दिसत नाही. मार्च 2018 मध्ये नाशिकहून पायी निघालेले शेतकरी सहा दिवसांनी आझाद मैदानावर पोचले. दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलांची अडचण होऊ नये म्हणून त्यांनी मुंबईतला शेवटचा टप्पा रात्रीच चालून काढला. वृत्तपत्रांनी त्यांना ‘लाल वादळ’ म्हटले. वादळ कोणाच्या परीक्षेचे वेळापत्रक पाहत नाही! गौरवाचा शब्ददेखील त्या माणसांचा विचार, त्यांचे भेगाळलेले पाय आणि त्यांचा निर्णय गिळून टाकू शकतो. तेव्हा मागणी गोड नावाची नाही. धुरळा खाली बसेपर्यंत थांबून आत कोण होते हे सांगणाऱ्या वाक्याची आहे.

असे वाक्य मराठीत नाही असे नाही, ते साहित्यात वारंवार लिहिले गेले. मर्ढेकरांनी मुंबईच्या लोकलवर धावणाऱ्या माणसांना मुंग्या म्हटले, पण मुंगी म्हणताना सर्वनामे एकेक करून मोजली आणि पहिल्यांदा स्वतःला मोजले. ‘गर्दी’त बोलणाऱ्याला जी सूट असते ती त्या कवितेने स्वतःला दिली नाही. नारायण सुर्वे उलट्या टोकाने आले. गिरणगावातल्या ज्या माणसांकडे बाहेरचा वाचक कामगारांचा लोंढा म्हणून पाहत होता, त्यांतून त्यांनी आफ्रिकी चाचाला, याकूब नालबंदवाल्याला नावानिशी बाहेर काढले. ‘माझे विद्यापीठ’ (1966) वाचताना जाणवते की या कवीला समूहाबद्दल प्रेम आहे, पण समूहवाचक नामाबद्दल नाही. तो शक्यतो विशेषनामावरच भागवतो.

तेंडुलकरांना समूहाबद्दल प्रेम नव्हते, म्हणून त्यांचे काम अधिक उपयोगी पडते. 1967 मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये मोजकीच माणसे आहेत. खेड्यात प्रयोग करायला आलेली हौशी मंडळी वेळ जात नाही म्हणून खोटा खटला मांडते आणि पाहता पाहता बेणारेबाईंची शिकार करते. गर्दी नाही, जमाव नाही, घोळकाही जेमतेम. कायद्याच्या भाषेत नव्हे, पण शब्दशः ही गैरकायद्याची मंडळी आहे: चहा पिणारी, पान खाणारी, एकमेकांना अहोजाहो करणारी. माणसे जमली की पशू होतात हा सिद्धांत इथे उलटा लागतो. संख्या वाढावी लागत नाही. आपल्यापैकी एकीला बाहेर काढण्याची संमती पुरते.

16 डिसेंबर 1972 रोजी पुण्यात पहिल्यांदा झालेल्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये त्यांनी आणि दिग्दर्शक जब्बार पटेलांनी समूहालाच नेपथ्य केले. रंगमंचावर ब्राह्मणांची एक माणसांची भिंत उभी असते. ती डोलते, गाते, हवे तेव्हा पाठ फिरवून लपवते, हवे तेव्हा उघडून दाखवते. तीच देऊळ होते, तीच वाडा होते. इतिहासातला घाशीराम 1791 मध्ये पुण्यात लोकांच्या हाती सोपवला गेला आणि दगडांनी मेला. कोठडीत कोंडून मेलेल्या तेलंगी ब्राह्मणांवरून हा क्षोभ उठला होता. इतिहास सांगताना आपण म्हणतो, ‘संतप्त जमावाने घाशीरामाला ठेचून मारले.’ नाटक हे वाक्य बोलू देत नाही. शेवटी दगड उचलणारी माणसे प्रेक्षकाने दोन-अडीच तास पाहिलेली असतात. बावनखणीकडे चोरपावलांनी जाताना पाहिलेली, कीर्तनात माना डोलावताना पाहिलेली, घाशीरामाला आधी अपमानाने हाकलताना आणि मग त्याच्यापुढे वाकताना पाहिलेली. त्यामुळे तो क्षण आला की ‘कोण मारतो आहे?’ या प्रश्नाला प्रेक्षकाला ‘जमाव’ असे उत्तर देता येत नाही. आणि ज्याने त्यांना मारण्याची मुभा दिली तो नाना फडणवीस कुठे उभा आहे, तेही त्याला दिसत असते.